मदत हवी आहे : पायकॉन इंडियासाठी कोणता विषय पाठवू?

नमस्कार मंडळी, यंदा पहिल्यांदाच पायकॉन इंडियाला, म्हणजे पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या परिषदेला, टॉकचं प्रपोजल पाठवतेय. जँगोवर (पायथनमध्ये वेबसाइट बनवायच्या फ्रेमवर्कवर) चार वर्षं काम करतेय. दोन विषय डोक्यात आहेत.

पहिला माझ्या फार जवळचा: मराठी शोध. ‘दऱ्या’ हा शब्द दोन प्रकारे टाइप होतो. कुणी नुक्तावाला (खाली टिंब असलेला) ऱ आणि हलन्त वापरतं, कुणी साधा र, हलन्त आणि झेडडब्ल्यूजे (न दिसणारं जोडचिन्ह). पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण डेटाबेससाठी ते वेगळे शब्द. एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करणारं युनिकोडचं एनएफसी नॉर्मलायझेशन केलं तरी ते एक होत नाहीत, त्यामुळे शोधात निम्म्या नोंदी सापडतच नाहीत. शिवाय जावास्क्रिप्ट ही प्रोग्रॅमिंग भाषा क, हलन्त आणि ष वेगवेगळे मोजून ‘क्ष’ची लांबी 3 सांगते, मग नावाच्या रकान्याला अक्षरमर्यादा लावायची कशी? यावर मी लिहिलेला कोड दाखवता येईल.

दुसरा विषय जँगोच्या मराठी भाषांतराला हातभार कसा लावायचा, हा.

मला पहिलाच पाठवावासा वाटतो. पण तमिळ किंवा बंगाली श्रोत्यांना तो आपला वाटेल का? त्या लिप्यांत अशाच अडचणी कुणी अनुभवल्या असतील तर उदाहरणं द्याल का? आणि ज्यांचं प्रपोजल आधी निवडलं गेलंय, त्यांनी सांगा, सारांशात कोड किती दाखवावा?