जुनी मोटारसायकल स्वतः उभी करून मग विकली आहे का? अनुभव लिहा

गेल्या महिन्यात माझी जावा विकली. १९६८ सालची, म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातली. भंगारात मिळाली तेव्हा इंजिन जाम आणि टाकी आतून गंजलेली. टाकीला क्रोम करून घेतलं, सोनेरी रेघा एका म्हाताऱ्या पेंटरकडून ब्रशने मारून घेतल्या. स्टिकर लावा म्हणणाऱ्यांना लांबूनच नमस्कार केला.

जाहिरात टाकल्यावर फोन थांबेनात. निम्म्यांचा पहिलाच प्रश्न, "लास्ट प्राइस बोला." गाडी बघायचीसुद्धा गरज नाही! मग कॅफेत शोभेला ठेवणारे आले, त्यांना ती बंद असली तरी चालणार होती. शेवटी एक निवृत्त फिटर आले. चकचकीत टाकीकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. मोबाइलची बॅटरी लावून उकिडवे बसले, इंजिन आणि फ्रेमवरचे नंबर आरसी बुकाशी एकेक आकडा करत जुळवले. जावाची किक आणि गिअर एकाच दांडीवर. नवखा माणूस किक कुठाय म्हणून शोधत बसतो. यांनी दांडी आत दाबून फिरवली, किक मारली आणि त्याच दांडीने पहिला टाकला. म्हटलं, झालं, गाडी यांचीच. मागितले त्यापेक्षा कमी घेतले. क्रोमची आणि सुट्या भागांची बिलं जेमतेम निघाली, मजुरीचं नावच काढू नका.

तुम्ही किंमत कशी ठरवली, गिऱ्हाईक कसं पारखलं, कागदांचं काय केलं? लिहा.

कोल्हापूर

आमची राजदूत ३५०. यामाहाच्या आरडीची भारतातली भावंड, एस्कॉर्ट्सने काढलेली. हिचं गिऱ्हाईक नमस्कार न करता विचारतं, "हाय टॉर्क का लो टॉर्क?" साडेतीस अश्वशक्तीची की सत्तावीसची, त्यावर भाव. माझी लो टॉर्क, त्यामुळे निम्मे तिथंच गळाले.

एकजण रोख घेऊनच आला. बोलता बोलता कळलं की त्याला फक्त इंजिन आणि मीटर पाहिजेत, बाकीची तो सुटी करून विकणार. भाव सगळ्यात चढा त्याचाच होता. चहा पाजला आणि वाटेला लावला. घरी शिव्या खाल्ल्या, पण एकेक नट स्वतः आवळलेली गाडी खाटकाला कोण देतंय? पुढे इचलकरंजीच्या एका पोराला दिली, हप्त्याने. आजही क्लचची वायर तुटली की रात्री फोन करतो.

म्हापसा, गोवा

माझी बुलेट, उजव्या पायात गिअर आणि डाव्यात ब्रेकवाली. ट्रायलला देताना मी मागे बसायचोच. एका तरुणाला तीनदा बजावलं. "हो काका, माहितीये." बाजाराच्या उतारावर समोर गाय आली आणि त्याने सवयीने उजवा पाय दाबला. जुन्या बुलेटचा पहिला वर आणि बाकीचे खाली, म्हणजे ब्रेक लागायच्या ऐवजी वरचा गिअर पडला! पुढचा ब्रेक दाब म्हणून मी ओरडलो तेव्हा गाडी थांबली. गाय जागची हलली नाही. ट्रायल मागणाऱ्याला आधी मैदानात चालवायला लावा, आणि तोवर त्याची गाडी आणि लायसन आपल्या ताब्यात ठेवा.

नाशिक

गाडी गेली आणि जिन्याखालची जागा मोकळी झाली म्हणून आमच्या हिने शिरा केला. एवढाच अनुभव.

ठाणे

कागदांबद्दल कोणीच लिहीत नाही म्हणून लिहितो. गाडी वडिलांची, राजदूत १७५, १९७० ची. वडील गेलेले, पुस्तकावर नाव त्यांचंच. आधी फॉर्म ३१ भरून वारस म्हणून माझ्या नावावर केली, त्यासाठी बहिणींची संमती घेतली. मग विक्रीसाठी २९ आणि ३०. जुनी नोंद संगणकावर चढलेली नव्हती, ती चढवायलाच जास्त वेळ गेला.

घेणाऱ्याला व्हीए, म्हणजे विंटेज गाड्यांच्या मालिकेचा नंबर हवा होता. २०२१ च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ रूपातली गाडी विंटेज म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, पुनर्नोंदणीची ५,०००, मुदत दहा वर्षं. पण मग ती रोज ऑफिसला नेता येत नाही. हे ऐकून तो बिचारा गप्प झाला, कारण त्याला रोजच फिरवायची होती. शेवटी नेहमीच्याच नोंदणीवर घेतली.

आणि कोऱ्या फॉर्मवर सह्या करून "नाव मी नंतर चढवतो" म्हणणाऱ्याला गाडी देऊ नका, मग तो कितीही गोड बोलो. अपघात झाला तर कागदावर ज्याचं नाव, तोच मालक धरला जातो. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली हेच सांगितलंय. निदान तारीख आणि वेळ टाकून ताबापावती तरी करा.

सोलापूर

माझ्या येझदीचं गिऱ्हाईक हैदराबादचं आहे. टोकन दिलंय, गाडी ट्रान्सपोर्टने न्यायची म्हणतो. आरटीओत काय करावं लागेल?

ठाणे

फॉर्म २८, म्हणजे ना-हरकत. ती हातात आल्याशिवाय गाडी चढवू नका. चलन बाकी असेल तर आधी भरा, त्यावरच अडतं. चेसीस नंबरचा पेन्सिल छाप लागेल, तर त्या जागेवरचा नवा रंग हलक्या हाताने घासून घ्या.