‘सकाळ’ खटल्याचा निकाल : प्रादेशिक दैनिकांना तारणारा की मारणारा?

पानांचा_हिशेब (धागाकर्ता)
जिल्ह्याच्या गावातली छोटी दैनिके का आटली, असे विचारले की लोक ऑफसेट छपाईला नाहीतर साखळी पत्रांच्या (एकाच मालकाच्या, अनेक गावांतून निघणाऱ्या दैनिकांच्या) जिल्हा आवृत्त्यांना दोष देतात. माझ्या मते सुरुवात 1961 मध्ये झाली. न्या. राजाध्यक्षांच्या वृत्तपत्र आयोगाने 1954 मध्ये किंमत आणि पाने यांची सांगड घालण्याची शिफारस केली. जाहिरातींच्या पैशावर पाने वाढवून स्वस्तात विकणाऱ्या मोठ्या पत्राने छोट्याचा गळा आवळू नये, हा हेतू. 1956 मध्ये तसा कायदा आला, ऑक्टोबर 1960 मध्ये त्याखाली सरकारचा आदेश निघाला. 7 नव्या पैशांना सहा दिवसांत जास्तीत जास्त 24 पाने, म्हणजे रोज चार. हातजुळणीवर (शिशाचे खिळे, म्हणजे टाइप, हाताने एकेक लावण्यावर) चालणाऱ्या छोट्या दैनिकाला रोज झेपतील तेवढीच ही पाने! पुण्याचा ‘सकाळ’ सर्वोच्च न्यायालयात गेला आणि 1961 मध्ये कायद्याच्या कलम 3(1) सह आदेश रद्द झाला. एका प्रादेशिक दैनिकाने बाकीच्या प्रादेशिक दैनिकांचे कुंपण मोडले, असे मी म्हणतो.

निकालपत्र
साफ असहमत. आधी निकालातले आकडे बघा. ‘सकाळ’चा खप आठवड्यात रोज 52,000, रविवारी 56,000. रविवार सोडून पाच दिवस सहा पाने आणि एक दिवस चार, एकूण 34. किंमत 7 नवे पैसे. आदेश पाळायचा तर दहा पाने कापा किंवा 8 पैसे करा. सुमारे 40 टक्के जागा जाहिरातींची. ते प्रमाण तसेच ठेवले तरी बातम्या-लेखांची साधारण सहा पाने आठवड्याला जातात. ती कोणाची जाणार? दिल्लीची बातमी राहते. तालुक्याच्या वार्ताहराचे पत्र, बाजारभाव, जिल्हा बोर्डाच्या तक्रारी जातात. डॉ. ना. भि. परुळेकरांनी 1932 पासून ‘सकाळ’ उभा केला तो याच मजकुरावर. शिवाय निकाल लिहिणाऱ्या न्या. मुधोळकरांचा मुद्दा सरळ आहे : व्यापारावर लोकहितासाठी बंधन घालता येते, पण अभिव्यक्तीवरची बंधने राज्यघटनेच्या कलम 19(2) मध्ये सांगितलेल्या कारणांपुरतीच. खपावर घाला हा अभिव्यक्तीवरच घाला. दोन वाचकांनीही स्वतंत्र याचिका केल्या होत्या, हे विसरू नका.

खिळे_आणि_शिसे
कायदा बाजूला ठेवून छापखान्यात या. हातजुळणीत पान वाढवायचे म्हणजे नुसता कागद वाढवायचा नाही. चौकटीत आवळलेल्या पानातला टाइप छापून होईपर्यंत अडकलेला असतो. मग तो धुवायचा, सोडवायचा आणि एकेक खिळा आपापल्या खणात परत टाकायचा. हे काम सकाळी चुकले की संध्याकाळी जुळारी (टाइप जुळवणारा) अडतो. काना, ‘र’, ‘त’ सर्वांत आधी संपतात. जास्त पानांना टाइपही जास्त लागतो, जुळारीही. त्यात सहा पानी अंकाची अडचण वेगळीच. एक मोठा ताव दुमडला की चार पाने होतात. पाचवे-सहावे पान सुटे, ते आत सरकवायला माणसे हवीत. सरकवायचे राहिले की विक्रेत्याची तक्रार ठरलेली. जुळणीचा खर्च पाच हजार प्रतींना तेवढाच आणि पन्नास हजारांना तेवढाच. म्हणून मोठ्या खपाच्या पत्राला वाढीव पान जवळजवळ फुकट पडते, छोट्याला ते महिना बुडवते. धागाकर्त्याचे निदान मला पटते. औषध मात्र पटत नाही, कारण आदेशाने पाने बांधली तरी प्रतीमागचा हा फरक तसाच राहिला असता.

निकालपत्र
शिवाय छोटी-जुनी पत्रे या निकालाआधीही बंद पडतच होती. ‘ज्ञानप्रकाश’ 1849 मध्ये निघाला, 1904 पासून दैनिक झाला आणि 1956 चा कायदा येण्याआधीच थांबला. त्याला परुळेकर जबाबदार नव्हेत.

पानांचा_हिशेब
एका पत्राच्या मरणाने नियम ठरत नाही. निकालानंतर अडवायला काय उरले ते सांगा. 1972 मध्ये न्यूजप्रिंट (वृत्तपत्री कागद) धोरणातली दहा पानांची मर्यादाही बेनेट कोलमन (‘टाइम्स ऑफ इंडिया’ची कंपनी) खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली. न्या. मॅथ्यू यांचे एकट्याचे मत त्या निकालाविरुद्ध होते, आणि माझ्या दृष्टीने तेच वाचण्यासारखे आहे. पुढे किंमत पाडण्याची स्पर्धा आली तेव्हा वाचकाला महिन्याच्या बिलातून रद्दीचे पैसे वजा करून जाड अंकच स्वस्त पडू लागला. चार पानी स्थानिक अंकाला रद्दीचा भावही मिळेना.

दर्शनी_जाहिरात
दोघेही जाहिरातीच्या खऱ्या गाठीपाशी येत नाही आहात. जिल्हा दैनिक विक्रीवर जगतच नाही. विक्रेत्याचे कमिशन आणि परतीचे (न खपलेले) अंक वजा केले तर कागदाचाही खर्च निघत नाही. ते जगते निविदा, जाहीर नोटिसा आणि शासकीय जाहिराती मिळणाऱ्या पत्रांच्या यादीतल्या अ-ब-क वर्गाच्या दरावर. खप जास्त दाखवला की वर्ग वर जातो, म्हणून कागदावर खप फुगतो. किंमत-पाने आदेश टिकला असता तरी हे अवलंबन तसेच राहिले असते. उलट कोणी किती पाने आणि किती जाहिराती छापायच्या, हेही ज्या सरकारविरुद्ध लिहायचे त्याच्याच हाती गेले असते.

पानांचा_हिशेब
ते आजही यादीच्या रूपाने सरकारच्याच हाती आहे. फरक इतकाच, की आदेश मोठ्या पत्रालाही बांधत होता. यादी फक्त छोट्याला बांधते.