अर्लिंग्टनला (टेक्सास) लेकराकडं महिनाभर जायलोत, गाडी नाही, काय बघता येईल?

उदगीरचा_मास्तर:
नमस्कार मंडळी. पोरगा अर्लिंग्टनच्या युनिव्हर्सिटी ऑफ टेक्सासला एमएस करायलाय. मी अन् त्याची आई जूनमध्ये महिनाभर त्याच्याकडं जायलोत, दोघंबी पहिल्यांदाच विमानात बसायलोत. पोरगं दिवसभर लॅबमध्ये, गाडी त्याच्याकडं नाही, वर म्हणतंय की बाबा इथं सिटी बसच नाही. जवळपास चार लाख वस्तीचं शहर अन् बस नाही हे मला काही पटंना, आपल्याकडं खेड्यात सुद्धा लालपरी येते. मग आम्ही काय दिवसभर खोलीत बसायचं का? स्टेडियम अन् पार्क बघायला तिथं लांबलांबून लोक येतात म्हणं, पण फुटबॉलमधलं आम्हाला कळत नाही अन् मंडळींचे गुडघे दुखतात, त्यामुळं पाळण्यात बसणं काही होणार नाही. अनुभव असलेल्यांनी सांगा. ऊन किती असतं तेही सांगा.

नांदेडची_लेक:
काका, पोरगा खरं बोलायलाय. मी तिथं चार वर्षं काढली. बसची एक लाईन 2013 ला सुरू झाली होती, ती 2017 च्या शेवटी बंद केली अन् तिच्याजागी शहराची शेअर गाडी आणली. मोबाईलवर बुक करायची, छोटी व्हॅन येते, अजून दोघंतिघं वाटेत बसतात. 2021 पासून ती पूर्ण शहरात चालते, मी असताना अंतराप्रमाणं 3 ते 5 डॉलर पडायचे माणशी. फक्त दारात येईलच असं नाही, जवळच्या कोपऱ्यावर चालत जावं लागतं. माझी आई आली होती तेव्हा वीस मिनिटं कोपऱ्यावर उभे होतो, झाड नाही, शेड नाही, तिला चक्करच आली. ऊन आपल्यासारखंच, 38-40 सहज, पण रस्त्यावर सावली अन् माणूस दोन्ही नाही. छत्री अन् पाण्याची बाटली घेतल्याशिवाय मावशींना बाहेर काढू नका.

परभणीकर:
बस का नाही त्याचं पण ऐका मास्तर. बससाठी टॅक्स लावायचा का म्हणून तिथं लोकांचं मतदान घेतलं, 1980, 1985 अन् 2002, तिन्ही वेळा लोकं नको म्हणाले. अन् 2004 ला त्याच शहरानं फुटबॉल स्टेडियमसाठी सेल्स टॅक्स अर्धा टक्का वाढवायला, हॉटेल अन् भाड्याच्या गाड्यांवर जादा टॅक्स लावायला हो म्हणलं. शहराचे 32.5 कोटी डॉलर लागले त्यात, काही घरं पण सक्तीनं संपादित केली. ज्यांची जमीन रस्त्यात गेली त्यांना हे सांगायची गरज नाही. मला ह्याचं आजही वाईट वाटतं, म्हाताऱ्या माणसाला दवाखान्यात जायला बस नाही अन् शेजारी 80 हजार माणूस बसंल एवढं स्टेडियम.

पण बघा मात्र नक्की. एटी अँड टी स्टेडियम, 2009 चं, डॅलस काउबॉईज ह्या अमेरिकन फुटबॉलच्या टीमचं. मॅच नसली की टूर असते, लिफ्ट आहे, गुडघ्याला त्रास नाही. मैदानाच्या बरोबर वर 160 फूट रुंद अन् 72 फूट उंच स्क्रीन टांगलाय, मान वर केली की माणूस गप होतो. 2026 च्या आपल्या नेहमीच्या फुटबॉलच्या (फिफा) वर्ल्डकपच्या सगळ्यात जास्त, 9 मॅचेस ह्यालाच दिल्या. अन् बाहेर अनिश कपूर यांचा 35 फुटी स्टीलचा आरसा उभा आहे, मुंबईत जन्मलेला शिल्पकार. मी सकाळी गेलो होतो, आख्खं आभाळ त्यात उतरलेलं, एक ढग ह्या कडंपासून त्या कडंपर्यंत सरकेस्तोवर मी तिथंच उभा.

नांदेडची_लेक:
आणि काका बेसबॉलची एक मॅच बघाच. पिचर म्हणजे बॉलर एवढं धरून चला, बाकी शेजारचे सांगतात. शेजारीच 1994 चं जुनं मैदान आहे, त्याला छप्पर नव्हतं, लोक उन्हात भाजून निघायचे, म्हणून 2020 ला सरकत्या छपराचं एसी स्टेडियम बांधलं, ग्लोब लाईफ फील्ड. तिथली बेसबॉल टीम टेक्सास रेंजर्स 1972 पासून अर्लिंग्टनमध्ये खेळायलीय अन् पहिली वर्ल्ड सिरीज, म्हणजे बेसबॉलची फायनल, जिंकली 2023 ला. सिक्स फ्लॅग्सचं पार्क 1961 चं, टेक्सासवर राज्य केलेल्या सहा सत्तांचे झेंडे म्हणून ते नाव. निजामाचा झेंडा उतरलेला आपल्या आजोबांनी बघितला, त्यामुळं मला ते नाव लगेच कळलं होतं. पण पाळण्यात बसायचं नसंल तर एवढं तिकीट काढू नका.

देवणी_खिलार:
उदगीरचे आहात म्हणून सांगतो, शेजारच्या फोर्ट वर्थ शहरातलं स्टॉकयार्ड्स चुकवू नका. जुना गुरांचा बाजार आहे. ती शेअर गाडी सेंटरपोर्ट स्टेशनला सोडते, तिथून डॅलस-फोर्ट वर्थ रेल्वे, रविवारी बंद असते हे ध्यानात ठेवा. पुढं फोर्ट वर्थच्या स्टेशनपासून टॅक्सी. सकाळी साडेअकराला अन् दुपारी चारला लाँगहॉर्न बैल विटांच्या रस्त्यावरून चालवत नेतात, घोड्यावरचे गुराखी बाजूला. शिंगं अशी आडवी पसरलेली की जणू माणूस हात पसरून उभा राहावा. रंग कुणाचा तांबडा, कुणाचा ठिपक्याठिपक्याचा. मला एकदम माळेगावची जत्रा आठवली, डोळ्यात पाणी आलं.

उदगीरचा_मास्तर:
सगळ्यांचे आभार. स्टेडियम, बेसबॉल अन् स्टॉकयार्ड्स, तिन्ही पक्कं. देवणीची जोडी आमच्या दावणीला 1998 पर्यंत होती, मंडळींनी स्वतः वैरण घातलीय, ती तर आत्ताच त्या बैलांचं विचारायलीय. जवळ जाऊ देतात का?

देवणी_खिलार:
चालत असताना कडंलाच थांबायचं. पण एक शिकवलेला बैल बाजूला उभा असतो, पैसे घेऊन पाठीवर बसवून फोटो काढतात. वहिनींना पायऱ्या चढाव्या लागतील, नाहीतर शेजारी उभं राहून काढा.