लेख दूरवर पोचावेत म्हणून मुक्त परवाना: कोणता घ्यावा?

डोंगरवाट

नमस्कार मंडळी. मी पाटण तालुक्यात साप पकडून रानात सोडायचं काम करतो आणि सर्पदंशावर माझ्या संकेतस्थळावर लिहितो. मण्यारीवरचा लेख सगळ्यात जास्त वाचला जातो. ती रात्री येते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, दुखत नाही, सूजही फारशी येत नाही. पहाटे पोटात दुखायला लागतं, पापण्या मिटायला लागतात आणि घरचे म्हणतात, अपचन झालं असेल. हे घराघरात माहीत असायला हवं, म्हणून लेख पसरावा असं मलाच वाटतं.

पण मागच्या पावसाळ्यात तोच लेख एका व्हॉट्सअ‍ॅप गटातून फिरत माझ्याकडे आला. नाव काढलेलं होतं, त्याचं मला काही नाही. मधे कुणीतरी एक ओळ घातली होती: ‘दंशाच्या वर दोरी घट्ट आवळून बांधा.’ मी लिहिलंय की बांधू नका, कापू नका, चोखू नका. अंगठ्या, बांगड्या, जोडवी काढा, चावलेला हात किंवा पाय हलू देऊ नका आणि १०८ला फोन करा.

मित्राने क्रिएटिव्ह कॉमन्स (सीसी) सुचवलं, म्हणजे आपलं लेखन इतरांनी कोणत्या अटींवर वापरावं हे आधीच सांगून ठेवणारे तयार परवाने. त्यातला ‘बदल करू नये’ म्हणणारा परवाना, बाय-एनडी, घेतला की काम होईल ना? आशाताई, शाळेतले गुरुजी, सगळ्यांनी न विचारता वापरावा, फक्त ढवळाढवळ नको.

टाकसाळ

परवाना वगैरे नकोच. ‘सर्व हक्क राखीव’ लिहा आणि खाली ईमेल द्या. ज्याला हवं तो विचारेल.

बोरूवाली

टाकसाळ, विचारत नाहीत हो. मी आरोग्यावरच्या एका छोट्या त्रैमासिकाचं संपादन करते. चांगला लेख दिसतो, खाली ‘हक्क राखीव’ असतं, आम्ही मेल टाकतो, उत्तर येईपर्यंत अंक छापायला गेलेला असतो. मग तो लेख राहतो तो राहतोच. आणि ज्याने दोरीची ओळ घातली त्याने हक्कांची सूचना वाचलेलीसुद्धा नसणार.

डोंगरवाट दादा, तुमचा राग मला पूर्ण कळतो, तरीही बाय-एनडी घेऊ नका असंच सांगेन. एनडीमध्ये अनुवाद हासुद्धा बदलच धरला जातो. निपाणीच्या एखाद्या डॉक्टरांनी लेख कानडीत केला, तर स्वतःजवळ ठेवू शकतील, पण तुम्हाला विचारल्याशिवाय वाटू शकणार नाहीत. आशाताईंच्या प्रशिक्षणासाठी कुणी त्याचा सोपा अवतार करून वाटला तर तेही चालणार नाही. म्हणजे ज्यांनी लेख पुढे न्यावा असं तुम्हाला वाटतं, तेच नियम पाळून थांबतील.

विकिपीडियाचंही तसंच. मराठी विकिपीडिया २००३ पासून आहे, आणि तिथे एनडी किंवा एनसी, म्हणजे व्यावसायिक वापराला मनाई असलेला, मजकूर घेत नाहीत. बाय, म्हणजे फक्त श्रेय द्यायची अट असलेला, किंवा बाय-एसए, म्हणजे श्रेयाबरोबर बदललेला मजकूरही त्याच परवान्याखाली ठेवायची अट असलेला, चालतो. गोवा विद्यापीठाने कोंकणी विश्वकोशाचे चार खंड २०१३ मध्ये बाय-एसएखाली खुले केले, म्हणून ते ज्ञान कोंकणी विकिपीडियासाठी वापरता आलं. मुलांची पुस्तकं काढणाऱ्या प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर हे गोष्टींचं संकेतस्थळ २०१५ साली सुरू झालं, तिथल्या गोष्टी सीसी बायखाली असतात. एका भाषेतली गोष्ट कुणीही आपल्या भाषेत आणतं, आधी पत्र लिहून परवानगी मागावी लागत नाही. सर्पदंशाच्या माहितीला हीच वाट हवी.

तुमच्यासाठी मी बाय-एसएची ४.० ही आवृत्ती निवडेन. वापरणाऱ्याने तुमचं नाव आणि मूळ लेखाचा दुवा द्यायचा, बदल केला असेल तर तसं लिहायचं, आणि बदललेला लेखही याच परवान्याखाली ठेवायचा. तुम्हीच हे सगळं मान्य केलंय असं कुणाला भासवता येत नाही. बदल पटला नाही तर आपलं नाव काढायला सांगायचा हक्क तुम्हाला राहतो.

दोरीवाल्यासाठी वेगळा उपाय करा. ‘काय करा, काय करू नका’ एवढंच एका पानावर मोठ्या अक्षरात घ्या, त्याचं चित्र बनवा आणि फक्त त्या चित्राला बाय-एनडी द्या. त्यावर तारीख आणि संकेतस्थळाचा पत्ता ठळक टाका. व्हॉट्सअ‍ॅपवर लोक मजकूर सहज खोडतात, चित्राला तेवढं कुणी हात लावत नाही. त्याचे अनुवाद मात्र डॉक्टरांकडून तपासून तुम्हीच करवून घ्या.

एकच गोष्ट नीट विचार करून ठरवा. हा परवाना मागे घेता येत नाही. उद्या तुम्ही लेख काढून टाकलात तरी ज्यांनी आधी घेतलाय ते अटी पाळून वापरत राहू शकतात. सर्पदंशाच्या लेखाला ते चांगलंच आहे. आठवणींचं लिहीत असाल तर ते वेगळं ठेवा.

नदीकाठ

बोरूवालींचं पटलं, पण एनसी सरसकट वाईट नाही. माझं घर लिहिण्यावर चालतं. एखाद्या प्रकाशकाने माझे प्रवासलेख फुकट उचलून पुस्तक काढलं तर मला ते चालणार नाही, म्हणून मी बाय-एनसी देते.

बोरूवाली

नदीकाठ, तुमच्यासाठी ते योग्यच आहे. दादांना मात्र औषध दुकानदाराने बिलामागे लेख छापलेलाही हवाच असणार, आणि एनसी पाहून तो बिचकेल.

डोंगरवाट

हवाच आहे! अनुवाद अडेल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. अजून एक विचारतो. यातले काही लेख आधी एका दैनिकाच्या पुरवणीत आलेत. मी तिथे नोकरीला नाही. त्यांना हा परवाना देता येईल? आणि फोटोंचं काय?

बोरूवाली

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार नोकरीत नसलेल्या लेखकाचा लेख मुळात त्याचाच असतो. मानधन घेताना हक्क लिहून दिले असतील तर गोष्ट वेगळी, तेव्हाचे कागद आणि मेल आधी पाहा. लेख पानावर लावलेल्या रूपात टाकू नका, ती मांडणी त्यांची. तुमचा स्वतःचा मजकूर टाका.

फोटो ज्याने काढला त्याचा. तो हो म्हणाला तर मण्यार, घोणस, फुरसे, नाग यांचे स्पष्ट फोटो विकिमीडिया कॉमन्सवरही, म्हणजे विकिपीडियाच्या मुक्त चित्रांच्या भांडारातही, चढवा. तिथून कुठल्याही भाषेतल्या विकिपीडियाला ते वापरता येतात. आणि प्रत्येक लेखाखाली श्रेयाची ओळ तयारच लिहून ठेवा: लेखाचं नाव, तुमचं नाव, दुवा, ‘सीसी बाय-एसए ४.०’. लोकांना नुसती उचलून चिकटवता आली की ते चिकटवतात.

डोंगरवाट

फोटो पुतण्याने काढलेत, त्याला आजच विचारतो. चित्र पावसाच्या आधी करायचंय. निपाणी-चिकोडीकडचं कुणी कानडीत करून देईल का? डॉक्टर तपासायला तयार आहेत. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.