‘मिझुरी कॉम्प्रोमाइज’ : तडजोड, समेट की आणखी काही?

मिझुरीवाली
मी अमेरिकेत, मिझुरी राज्यातल्या सेंट लुईसला राहते. इथल्या मराठी शाळेतल्या मोठ्या मुलांसाठी या राज्याचा इतिहास चार पानांत लिहिते आहे. १८२० साली मिझुरीला गुलामगिरीसकट संघराज्यात घ्यायचं ठरलं आणि गुलामगिरी असलेल्या व नसलेल्या राज्यांचा तोल राहावा म्हणून गुलामगिरी नसलेलं मेन राज्य सोबत घेतलं. लुईझियाना खरेदीतल्या, म्हणजे फ्रान्सकडून विकत घेतलेल्या मुलखात मिझुरी सोडून ३६ अंश ३० मिनिटे अक्षांशाच्या उत्तरेला गुलामगिरी नाही, असं ठरलं. यालाच ‘मिझुरी कॉम्प्रोमाइज’ म्हणतात. मी लिहिलं ‘मिझुरी तडजोड’. सासऱ्यांनी लाल शाईने खोडून ‘समेट’ केलं. म्हणाले, तडजोड घरात करतात, राज्याराज्यांत समेट होतो. मला पटत नाही. समेट म्हणजे भांडण मिटलं. इथे कुठे मिटलं? ३४ वर्षांनी कॅन्सस-नेब्रास्का कायद्याने ती रेघच पुसली. तुम्ही काय लिहाल?

पैलतीर
तडजोडच. तड म्हणजे काठ. ऐलतड, पैलतड, तडीस नेणे. दोन काठ जोडले ते तडजोड. उत्तर आणि दक्षिण असे दोन काठच होते की!

जुना बोरू
काठ कुठला? ‘गावात दोन तट पडले’ म्हणतो ना, तोच हा तट. दोन तटांची जोडणी. अर्थ तोच निघेल, पण वाट चुकली की पुढच्या शब्दाला फसगत होते.

पैलतीर
तट म्हणजेही काठच. गंगातट. आपण दोघे एकाच घाटावर उभे आहोत.

माणदेशी
आमच्याकडे तडजोड पैशांची करतात. बहिणीच्या लग्नात वडिलांनी सोसायटीचे थोडे, मामाचे थोडे, एक बैल विकून थोडे असे गोळा केले. आई अजून म्हणते, “त्या वर्षी कशीबशी तडजोड केली.” यात दोन पक्ष नाहीतच. आहे त्यात भागवून आजचा दिवस काढला, एवढंच. या अर्थाने १८५० चा दुसरा ‘कॉम्प्रोमाइज’ पक्की तडजोड होता. कॅलिफोर्निया गुलामगिरीविना आत घेतला, वॉशिंग्टनमधला गुलामांचा व्यापार बंद केला, टेक्सासला एक कोटी डॉलर देऊन सीमेवरचा हक्क सोडायला लावला, आणि दक्षिणेला पळालेले गुलाम धरून देण्याचा कडक कायदा दिला. दहा वर्षं निभावली.

सत्शोधक
तुम्ही फार सहज लिहिलंत. त्या कायद्यात धरलेल्या माणसाला स्वतःच्या बाजूने साक्ष देता येत नव्हती. त्याला मालकाकडे परत पाठवलं तर निवाडा करणाऱ्या कमिशनरला १० डॉलर आणि मोकळं सोडलं तर ५. तडजोडीत दोघेही आपलं काही सोडतात. इथे दोघांनी मिळून तिसऱ्याचं आयुष्य सोडलं. याला मराठीत ‘सौदा’ म्हणतात. मुलांना सौदाच शिकवा.

जुना बोरू
मत शीर्षकात घालू नये. तिथल्या लोकांनी जे नाव दिलं त्याचं भाषांतर करा आणि संताप खालच्या परिच्छेदात लिहा, तोही भरपूर लिहा. नाव बदललं तर पुढे मूळ इतिहास वाचताना मुलांना ही तीच घटना हे कळणार नाही. आणि सौदा, समझोता हे बाहेरचे शब्द असताना समेट चांगला रुळलेला आहे.

सत्शोधक
‘गुलाम’ कुठला आहे मग? अरबी. काढा तोही.

जुना बोरू
‘दास’ आहे की.

माणदेशी
दास नको. आपल्याकडे रामदास, तुळशीदास. स्वतःहून पायाशी बसलेला तो दास. मिसिसिपीच्या कापसात चाबकाखाली वाकलेल्या माणसाला दास म्हणवत नाही.

कागदपत्रे
आपला स्वतःचा शब्द होता, तो सोयीने विसरलो : कुणबीण, म्हणजे गुलाम बाई. पेशवाईच्या कागदांत कुणबिणींना किंमत लावलेली दिसते, घोड्याला लावावी तशी. आज कोणाला विचारलं तर ‘कुणब्याची बायको’ सांगतील. आणि जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केलं ते अमेरिकेतल्या गुलाममुक्तीसाठी झटलेल्या लोकांनाच. तेव्हा हा शब्द मराठीने त्याच लढ्यासाठी राखून ठेवलेला आहे, हलवू नका. लपवायचंच असेल तर अमेरिकेची मूळ राज्यघटना बघा. लोकसंख्या मोजताना दर पाच गुलाम म्हणजे तीन माणसं धरायची असं त्यात आहे, पण ‘गुलाम’ हा शब्द एकदाही नाही. “इतर व्यक्ती” म्हटलंय.

मिझुरीवाली
हे मुलांना सांगणारच. मागच्या शनिवारी त्यांना जुन्या कोर्टाजवळ नेलं होतं. बाहेर ड्रेड आणि हॅरिएट स्कॉट या, सुटकेसाठी कोर्टात गेलेल्या गुलाम नवराबायकोचा पुतळा आहे, दोघांनी हात धरलेला. १८५० साली इथल्या ज्युरीने त्यांना मोकळं ठरवलं, दोन वर्षांत राज्याच्या वरच्या कोर्टाने ते फिरवलं आणि १८५७ ला सर्वोच्च न्यायालयाने ती ३६-३० ची रेघच घटनाबाह्य ठरवली. पान शुक्रवारी छापायला जायचंय. शेवटच्या परिच्छेदात १८६१ चं ‘यादवी युद्ध’ लिहिलंय, ते तरी बरोबर ना?

पैलतीर
यादवी अगदी चपखल. प्रभासला यादवांनी एकमेकांना लव्हाळ्यांच्या मुसळांनी मारलं. १८५६ मध्ये काँग्रेसमधल्या, म्हणजे अमेरिकी संसदेतल्या, गुलामगिरीच्या बाजूच्या ब्रुक्सने गुलामगिरीविरोधी सिनेटर समनरला सभागृहातच, मेजाशी बसलेला असताना, हातातल्या काठीने रक्तबंबाळ केलं. काठी तुटेपर्यंत.

सत्शोधक
यादव दारू पिऊन भांडले, तसं मोठं कारण नव्हतं. इथे चाळीस लाख माणसं बेड्यांत होती. यादवी म्हटलं की कारण गडप होतं. गृहयुद्ध म्हणा.

जुना बोरू
गृहयुद्ध हिंदी वर्तमानपत्रांतून आलं. आमच्या वर्गात गुरुजी यादवीच म्हणत.

माणदेशी
आमच्या वाड्यात विहिरीच्या पाळीवरून चुलत्यांची जुंपली की आजी म्हणायची, “यादवी माजली.” कारण असायचं, पाणी. त्यामुळे सत्शोधकांचं मला पटत नाही. बरं, महाभारतात ज्या गवताची मुसळं झाली ती एरका म्हणजेच लव्हाळं का? आमच्या ओढ्याला उगवतं ते तीन धारी काडीचं असतं, त्याचं मुसळ होणं कठीण.