विषय: दुपारच्या सुट्टीत कोल्हापूरला लावलेला फोन

प्रेषक: राजारामपुरीहून एक सभासद
प्रति: इंग्लंडमधील आपल्या मंडळाचे सर्व सभासद

सप्रेम नमस्कार.

गेले पाच आठवडे मी कोल्हापुरात आहे. मी घाईने का निघून आलो हे आपल्यापैकी बऱ्याच जणांना ठाऊक आहे, परंतु ते नेमके कसे घडले हे मी अद्याप कोणालाही लिहिलेले नाही. इंग्लंडमध्ये दुपारी एक वाजता, जेवणाच्या सुट्टीत, मी नेहमीप्रमाणे दादाला फोन लावला. इथे तेव्हा साडेपाच वाजले होते. दादा लक्ष्मीपुरीतल्या पेढीवरून स्कूटरने घरी निघाला होता. परीख पुलाच्या अलीकडे त्याने डाव्या हाताने खिशातला फोन काढला, पडद्यावर माझे नाव पाहिले आणि "बोल" म्हणाला. त्यानंतर मला फक्त आवाज ऐकू आले. समोर केळ्यांची हातगाडी वळत होती. दादाच्या गळ्याजवळचे हाड मोडले आणि हातगाडीवाल्या मामांचा पाय घोट्यात मोडला. दादाची पेढी पुतण्या सांभाळतो आहे. मामांची गाडी मात्र पाच आठवडे ताडपत्रीखाली उभी आहे. त्यांच्या औषधपाण्याचा आणि घरखर्चाचा भार आम्ही उचललेला आहे, पण ज्याची काहीच चूक नव्हती त्याचेच अधिक नुकसान झाले, हे मी रोज त्यांच्या घरी जातो तेव्हा मला दिसते.

दादा सांगतो की त्याने "क्षणभरच" खाली पाहिले. मी त्याच्याजवळ बसून हिशेब केला. ताशी ३० किलोमीटर हा वेग गावातल्या रस्त्यावर कोणालाही वेग वाटत नाही, तरी त्या वेगाने स्कूटर सेकंदाला आठ मीटरांहून अधिक पुढे जाते. फोन काढणे, नाव वाचणे आणि बोटाने सरकवून उचलणे यात तीन सेकंद गेले असे धरले, तर पंचवीस मीटर रस्ता त्याने न पाहता कापला. महामार्गावर ताशी ८० चा वेग असेल, तर तेवढ्याच वेळात ६५ मीटरांहून अधिक अंतर जाते. हातगाडी वळायला त्याच्या निम्माही रस्ता लागत नाही.

कायद्याविषयी इथे पुष्कळ गैरसमज आहेत, म्हणून थोडे तपशिलाने लिहितो. मोटार वाहन कायदा १९८८ चा आहे. त्याच्या कलम १८४ मध्ये, म्हणजे धोकादायक रीतीने वाहन चालवण्याच्या कलमात, २०१९ च्या दुरुस्तीने हातात धरून वापरायच्या संपर्कसाधनांचा स्पष्ट उल्लेख आला. सिग्नल तोडणे आणि उलट्या दिशेने गाडी घालणे ही कृत्ये ज्या यादीत आहेत, त्याच यादीत आता फोनही आहे. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपासून एक वर्षापर्यंत कैद, किंवा १,००० ते ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. तीन वर्षांच्या आत पुन्हा तोच गुन्हा घडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. रस्त्यावर पोलीस जी पावती देतात ती तडजोडीची, म्हणजे खटला न चालवता प्रकरण मिटवण्याची रक्कम असते आणि ती ठरवण्याचा अधिकार राज्याला आहे. महाराष्ट्रात वाढीव रकमा लागू व्हायला डिसेंबर २०२१ उजाडला. पावती भरून मोकळे होण्याची सवय इतकी अंगवळणी पडली आहे की या कलमात कैदेचीही तरतूद आहे, हे मी ज्यांना ज्यांना सांगितले त्यांपैकी एकालाही आधी माहीत नव्हते. १ ऑक्टोबर २०२० पासून नियमांत आणखी एक बदल झाला: असे साधन फक्त रस्ता शोधण्यासाठी, आणि तेही चालकाची एकाग्रता भंगणार नाही अशा रीतीने, वापरता येते. नकाशा पाहण्याची ही सवलत लोकांच्या लक्षात राहिली. तिची अट राहिली नाही.

दादाच्या अपघाताच्या कागदावर फोनचा उल्लेख नाही. "हयगयीने व निष्काळजीपणे" असे नेहमीचे शब्द आहेत. दादाने फोनचे सांगितले होते, तरीही तो शब्द कागदावर उतरला नाही. केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२१ साली देशात रस्ते अपघातांत १,५३,९७२ माणसे मरण पावली आणि त्यांपैकी मोबाइलच्या वापराने झालेल्या अपघातांत १,०४० गेली, हे मी पूर्वी वाचले होते आणि त्या आकड्याने मला थोडे हायसे वाटले होते. आता तो आकडा मला पुरेसा वाटत नाही, कारण एक कागद कसा लिहिला जातो हे मी स्वतः पाहिले आहे.

ज्यासाठी हे पत्र लिहायला बसलो ते आता सांगतो. दंड, कलम, कॅमेरा हे सर्व फोन उचलणाऱ्यासाठी आहे. फोन लावणारा मी होतो. उन्हाळ्यात आपली दुपारची सुट्टी म्हणजे इथले साडेपाच आणि हिवाळ्यात साडेसहा. दाभोळकर कॉर्नरपासून व्हीनस कॉर्नरपर्यंत जेव्हा गाडीला गाडी लागलेली असते, नेमक्या त्याच वेळी आपल्यापैकी बहुतेकांना घरी फोन करायला सवड मिळते. परदेशचा फोन आहे, तो परत लागणार नाही, या समजुतीने आपली माणसे तो चालत्या गाडीवर उचलतात. ती समजूत आपणच त्यांना लावलेली आहे. फोन उचलला नाही की "होतास कुठे?" असे मी दादाला किती वेळा विचारले असेन, याची आता मला लाज वाटते. माझी विनंती एवढीच आहे की आपण सर्वांनी घरच्यांशी फोनची वेळ ठरवून घ्यावी, आणि पलीकडून हॉर्नचा आवाज आला तर बोलणे सुरू न करता फोन ठेवून द्यावा.

आपला,
राजारामपुरीचा

---

प्रेषक: मंडळाचे एक ज्येष्ठ सभासद, मूळचे कसबा बावड्याचे

चि. यास आशीर्वाद.

तुझे पत्र दोनदा वाचले. दादाला लवकर आराम पडो आणि त्या मामांनाही. तुझ्या मनाला लागलेली बोच मला समजते, तरीही तुझ्या विनंतीशी मी पूर्णपणे सहमत नाही आणि ते स्पष्ट सांगणे मला योग्य वाटते.

कायदा कडक झाल्याने माणूस बदलतो यावर माझा विश्वास नाही. पकडले जाण्याची खात्री असेल तरच तो बदलतो. गळीत हंगामात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या मागे लावून, मागे दिवा नसलेले ट्रॅक्टर रात्री शिरोलीच्या बाजूने जातात आणि ते सर्वांना दिसतात. त्यांना सोडून खिशातल्या फोनच्या मागे लागण्याने किती जीव वाचतील? शिवाय माझी अडचण निराळी आहे. माझी थोरली बहीण गंगावेशीत राहते. तिला ऐकू कमी येते, त्यामुळे तिची खबर भाचा सांगतो, आणि भाचा दोन्ही वेळेस दुधाच्या किटल्या घेऊन मोटारसायकलवर असतो. तो उचलतो म्हणून मला कळते. वेळ ठरवून फोन करण्याएवढे आयुष्य सरळ असते तर प्रश्नच नव्हता.

यावर साधा उपाय आहे. हेल्मेटमध्ये बसणारे ब्लूटूथ मिळते. मी स्वतः इथे इंग्लंडमध्ये गाडीत फोन स्पीकरवर ठेवतो. दोन्ही हात स्टिअरिंगवर असतात आणि कायदाही मला अडवत नाही.

---

प्रेषक: लंडनहून एक सभासद, व्यवसायाने वकील

आदरणीय काका आणि राजारामपुरीचे दादा, दोघांनाही नमस्कार.

काका, कायदा आपल्याला अडवत नाही हे अर्धेच खरे आहे. या देशात हातातल्या फोनवर बंदी १ डिसेंबर २००३ रोजी आली. तेव्हाचा ३० पौंडांचा दंड २०१७ पासून २०० पौंड झाला, त्यासोबत लायसनवर दंडाचे सहा गुण पडतात, आणि लायसन मिळून दोन वर्षे झालेली नसतील तर त्या सहा गुणांनी ते रद्दच होते. तरीही न्यायालयात एक पळवाट उघडी पडली: जुन्या शब्दांप्रमाणे परस्पर संवादासाठी केलेला वापरच गुन्हा ठरत होता, त्यामुळे चालत्या गाडीतून समोरच्या अपघाताचे चित्रण करणारा सुटत होता. २५ मार्च २०२२ पासून ती पळवाट बुजवली गेली. आता फोटो काढणे, गाण्यांची यादी सरकवणे, सिग्नलला उभे असताना पडदा उघडणे, हे सर्व गुन्ह्यात मोडते. स्पीकरवर बोलण्यास थेट बंदी नाही, हे आपले म्हणणे बरोबर आहे. परंतु गाडीवर पुरेसा ताबा नव्हता असे पोलिसांना वाटले, तर त्या कारणाने कारवाई होऊ शकते. संसदेच्या वाहतूक समितीने २०१९ मध्ये ही बंदी स्पीकरपर्यंत वाढवण्याची शिफारस केली होती. सरकारने ती स्वीकारली नाही. माझ्या मते ती स्वीकारायला हवी होती.

पकडले जाण्याच्या खात्रीबद्दल आपण लिहिलेत, त्याला उत्तर देण्याचा प्रयत्न ऑस्ट्रेलियात झाला आहे. न्यू साउथ वेल्समध्ये रस्त्यावर लावलेले कॅमेरे समोरच्या काचेतून चालकाच्या हातातला फोन टिपतात. तीन महिने नुसती ताकीद दिल्यानंतर १ मार्च २०२० पासून तिथे दंड सुरू झाला. म्हणजे खिशातला फोन पकडता येत नाही असे नाही, पकडायचे ठरवावे लागते. उसाच्या ट्रॉलीला मागे दिवा नाही म्हणून दुचाकीस्वाराने रस्त्यावरची नजर काढावी, असे त्यातून निघत नाही; उलट अंधारात त्या ट्रॉलीमागून जाणाऱ्याला नजर अधिकच हवी.

पहिल्या पत्रात फोन लावणाऱ्याविषयी जे लिहिले आहे, त्या बाबतीत एक निकाल मला सांगावासा वाटतो. अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात एका तरुणाने संदेशांच्या नादात गाडी दुसऱ्या बाजूला नेली आणि मोटारसायकलवरच्या पती-पत्नीला धडक दिली. दोघांनीही एकेक पाय गमावला. त्यांनी चालकासोबत, त्याला संदेश पाठवणाऱ्या मैत्रिणीवरही दावा लावला. २०१३ साली तिथल्या अपील न्यायालयाने म्हटले की समोरचा गाडी चालवतो आहे आणि तो संदेश त्याच वेळी वाचेल हे पाठवणाऱ्याला माहीत असेल, किंवा माहीत असण्याचे विशेष कारण असेल, तर पाठवणाऱ्याचीही जबाबदारी येऊ शकते. त्या मुलीला हे माहीत होते असा पुरावा नव्हता, म्हणून ती त्यातून सुटली. तो निकाल इंग्लंडला किंवा महाराष्ट्राला लागू नाही, हे स्पष्ट करते. तरीही काका, हे विचारल्यावाचून राहवत नाही: भाचा दोन्ही वेळेस मोटारसायकलवर असतो, हे आपल्याला माहीत आहे ना?

---

प्रेषक: राजारामपुरीहून

ताई, तुमचे पत्र मी दादाला मोठ्याने वाचून दाखवले. न्यू जर्सीचे ऐकून तो बराच वेळ काही बोलला नाही, आणि मग म्हणाला, "तुला माहीत नव्हतं, उचलला मी." त्याने मला दिलेली ही सूट मी घेऊ शकत नाही. पाच वर्षे मी त्याच वेळेला फोन करत होतो आणि पाच वर्षे त्याच्यामागे गाड्यांचे आवाज ऐकत होतो.

काका, ब्लूटूथविषयी मलाही प्रथम तेच वाटले होते. इथल्या एका मेंदूविकारतज्ज्ञांशी बोललो तेव्हा त्यांनी कारण उलगडून सांगितले. हात मोकळा झाला तरी मन मोकळे होत नाही. डोळे समोर असतात, पण बोलण्यात गुंतलेला मेंदू डोळ्यांनी आणलेले सर्व काही घेत नाही, त्यामुळे समोरची वस्तू नजरेसमोर असूनही दिसत नाही. टोरांटोच्या दोन संशोधकांनी अपघात झालेल्या ६९९ फोनधारक चालकांच्या नोंदी तपासून १९९७ साली लिहिले की फोनवर असताना अपघाताचा धोका सुमारे चौपट होतो, आणि हातात न धरता बोलण्याने तो कमी झाल्याचे त्यांना आढळले नाही. गाडीत शेजारी बसलेला माणूस वळण आले, गर्दी आली की आपोआप गप्प होतो. फोनवरच्या माणसाला रस्ता दिसत नाही, तो बोलतच राहतो. त्या दिवशी मी असाच बोलत होतो. पहिला आवाज आल्यावरही माझे अर्धे वाक्य पुढे गेले.

बहिणीची खबर मिळायलाच हवी, हे आपले म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. उद्या सकाळी मी गंगावेशीत दूध कट्ट्यावर जातो. आपला भाचा किटल्या उतरवून रिकामा झाला की त्याच्याशी बोलतो, आक्कांनाही भेटतो, आणि दिवसात कोणत्या वेळी तो घरात त्यांच्याजवळ बसलेला असतो ते विचारून आपल्याला इथेच कळवतो. इथले रात्रीचे साडेनऊ म्हणजे सध्या तुमचे संध्याकाळचे पाच. दादा आणि मी ती वेळ ठरवली आहे. तोपर्यंत त्याच्या स्कूटरच्या डिकीत फोन बंद राहील. खांदा मोकळा झाला की गाडी पुन्हा चालवायची परवानगी डॉक्टर देतील तेव्हाची ही व्यवस्था आहे. अजून तीन आठवडे लागतील.