मदत हवी आहे: लॉर्नमध्ये ५ रात्रींसाठी जागा सुचवा (जरा लवकर!)

पंचवटी_एक्सप्रेस
नमस्कार मंडळी. लॉर्नला (ऑस्ट्रेलिया, व्हिक्टोरियातला किनाऱ्यालगतचा ग्रेट ओशन रोड) ५ रात्री राहायचंय. घरातून समुद्र दिसला पाहिजे, स्वयंपाकघर हवं, भाडं वाजवी. बघता बघता जागा जातायत. कुणी राहून आलं असेल तर सरळ घराचं नाव सांगा. आणि तिथून 'ट्वेल्व्ह अपोस्टल्स' (समुद्रातले ते उंच खडक-सुळके) एका दिवसात उरकतात ना? आज रात्री बुक करून टाकायचंय.

गीलाँगचा_गणू
कधी जाताय? किती जण? गाडी आहे का? वाजवी म्हणजे नेमकं किती? जूनमधलं वाजवी आणि जानेवारीतलं वाजवी यांची एकमेकांशी ओळखसुद्धा नाही.

पंचवटी_एक्सप्रेस
सुट्टीतच की हो. नाताळनंतर. आई-बाबा नाशिकहून आलेत, आम्ही दोघं आणि मुलगी. गाडी आहे, मेलबर्नलाच राहतो.

गीलाँगचा_गणू
मग अडचण वेगळीच आहे. नाताळ ते जानेवारीअखेर व्हिक्टोरियातल्या शाळा बंद. त्या दिवसांत बरेच घरमालक आठवड्याच्या खाली देतच नाहीत. तुम्ही ५ रात्री टाकून शोधताय, त्यामुळे अशी घरं यादीत येतच नसतील. एकदा ७ टाकून बघा. दुसरं, जानेवारीत तिथे 'पियर टू पब' ही १.२ किमी पोहण्याची शर्यत असते. हजारो लोक पाण्यात आणि त्यांची घरची मंडळी रस्त्यावर. त्या शनिवार-रविवारी पार्किंगसुद्धा विसरा.

सनशाइन_कोस्टवाला
लॉर्न कशाला? मेलबर्नकडचं पाणी जानेवारीतही बर्फ. क्वीन्सलंडमधल्या नूसाला या! मेन बीच उत्तरेकडे तोंड करून आहे, त्यामुळे लाटा शांत, म्हातारी माणसं आरामात डुंबतात. नॅशनल पार्कमध्ये नशीब असेल तर झाडावर कोआला. मी दरवर्षी सगळ्यांना हेच सांगतो.

गीलाँगचा_गणू
हो, दरवर्षी सांगता. आणि दरवर्षी हे सांगायचं राहतं की तो तिकडचा पावसाळा आहे. शिवाय ५ जणांची सुट्टीतली विमानाची तिकिटं कोण काढणार?

लाटणेवाली
क्वीन्सलंडला समुद्रात जेलीफिश असतात ना? माणसं मरतात म्हणे.

सनशाइन_कोस्टवाला
ते केर्न्स-टाउन्सव्हिलकडे, नोव्हेंबर ते मे. नूसा कितीतरी दक्षिणेला आहे. अर्धवट ऐकून लोकांना घाबरवू नका.

पंचवटी_एक्सप्रेस
अहो, लॉर्न विचारलंय, लॉर्न!

ओटवेची_सावली
आई-बाबांना जिने जमतात का?

पंचवटी_एक्सप्रेस
बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय जुलैत. चालतात व्यवस्थित. याचा इथे काय संबंध?

ओटवेची_सावली
सगळा संबंध आहे. लॉर्न डोंगराच्या पायथ्याशी नाही, डोंगरावरच आहे. सपाट काय ती माउंटजॉय परेड या मुख्य रस्त्याची पट्टी आणि किनाऱ्यालगतचं गवत. त्यामागे ओटवे डोंगररांगेचा उतार लगेच चढायला लागतो आणि 'समुद्र दिसतो' म्हणून जाहिरात केलेली बहुतेक घरं त्या चढावर आहेत. गाडी लावली की दारापर्यंत पायऱ्या, आत गेलं की बैठक आणि स्वयंपाकघर वरच्या मजल्यावर (समुद्र तिथूनच दिसतो ना!) आणि झोपायच्या खोल्या खाली. फोटोत यातलं काहीही दिसत नाही. आमच्या सासूबाई एका घरात दिवसभर वर बसायच्या, कारण एकदा खाली उतरलं की पुन्हा चढायचं नको. बुक करण्याआधी मालकाला लेखी विचारा: गाडीपासून दारापर्यंत किती पायऱ्या, आत किती, न्हाणीघर त्याच मजल्यावर आहे का, शॉवर टबमध्ये आहे का.

अर्स्किन धबधब्याचंही तेच. वरच्या कठड्यावरून बघून परत या, तळापर्यंत शेकडो पायऱ्या आहेत. टेडीज लुकआउटला (उंचावरून समुद्र बघायची जागा) गाडी जवळपर्यंत जाते, तिथे त्यांना नक्की न्या.

चिंतामणी_जुना
तुम्हाला माहीत असेलच की हा ग्रेट ओशन रोड पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सुमारे ३,००० सैनिकांनी बांधला. १९१९ ते १९३२, कुदळ-फावड्याने. मेलेल्या साथीदारांचं स्मारक म्हणून. लॉर्नच्या अलीकडे ईस्टर्न व्ह्यूला कमान आहे, तिथे थांबून वाचा. आजची पिढी सेल्फी काढते आणि निघते.

लाटणेवाली
आई-बाबांना सांगा, तूप, मिठाई, मसाले, जे आणतील ते विमानात मिळणाऱ्या कार्डावर लिहायचं. जाहीर केलं तर फार तर काढून घेतात, लपवलं तर मोठा दंड.

पंचवटी_एक्सप्रेस
ते येऊन महिना झाला.

लाटणेवाली
बाकीच्यांना उपयोगी पडेल म्हणून लिहिलं.

गीलाँगचा_गणू
सावलीताईंना +१. अपोस्टल्सबद्दल: लॉर्नहून जायलाच दोन तासांच्या वर, आणि वाटेतल्या अपोलो बे गावापर्यंत एका बाजूला कडा, दुसरीकडे समुद्र, नुसती वळणं. आईंना गाडी लागते का? लागत असेल तर येताना कोलॅकवरून आतल्या रस्त्याने या. बराचसा सरळ आहे.

पंचवटी_एक्सप्रेस
लागते. आंबेनळी घाटात दोनदा थांबतो.

ओटवेची_सावली
मग लॉर्नचा हट्ट सोडा, अपोलो बे बघा. किनाऱ्यालगतचा भाग सपाट, दुकानं-बेकरी चालत, आणि अपोस्टल्सची तासाभराची वाट आधीच संपलेली. तिथे जाताना एकदा वळणं होतीलच, पण मग रोज नाहीत. लॉर्नला जाता-येता थांबा.

गीलाँगचा_गणू
वळणं टाळायची तर मेलबर्नच्या बाजूचं टॉर्की! पोरीला वाळू, बाबांना सपाट फूटपाथ. अपोलो बेला संध्याकाळी करायचं काय?

ओटवेची_सावली
संध्याकाळी समुद्र बघायचा. त्यासाठीच चाललेत ना?

चिंतामणी_जुना
आगीचं कुणीच बोललं नाही. २०१५ साली ऐन नाताळच्या दिवशी लॉर्नजवळच्या वाय रिव्हर आणि सेपरेशन क्रीक या गावांत ११६ घरं जळाली, लॉर्न रिकामं केलं होतं. फोनमध्ये विकइमर्जन्सीचं (व्हिक्टोरियाचं आग-पुराच्या सूचना देणारं) अॅप घ्या. आणि आगीच्या दिवसासाठी पैसे परत मिळण्याची अट काय, ते बुक करतानाच वाचा.

लाटणेवाली
चादरी-टॉवेल देतात का तेही विचारा. बऱ्याच घरांत फक्त गाद्या-उशा असतात. आणि गॅलरीत पोह्यांची ताटली ठेवून आत जाऊ नका, पांढरे ककाटू (मोठे पोपट) ताटलीसकट साफ करतात.

पंचवटी_एक्सप्रेस
अपोलो बेला तळमजल्यावरचं युनिट मिळतंय, ७ रात्री, दाराशी एकच पायरी. समुद्र दिसत नाही, पण रस्ता ओलांडला की वाळू. बायको म्हणते घे. चादरींचं मालकाला विचारलंय, उत्तर आलं की पैसे भरतो.

सनशाइन_कोस्टवाला
ईस्टरला तरी नूसा बघा.